३८६ला तिसरा फ्लॉपी ड्राइव्ह जोडायचाय, अण्णांच्या विहिरींच्या नोंदी वाचवायच्यात

माणदेशी

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझे वडील (आम्ही अण्णा म्हणतो, वय ८१) शाळेत शिक्षक होते. १९८८ ते १९९५ अशी आठ वर्षं त्यांनी आमच्या गावातल्या आणि शेजारच्या दोन वाड्यांवरच्या २३ विहिरींचं पाणी मोजलं, दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, टेपला वजन बांधून, काठापासून पाणी किती फुटांवर ते. वहीत लिहायचे आणि शाळेतल्या एका सरांच्या एक्सटी कॉम्प्युटरवर जाऊन डीबेस थ्री प्लस ह्या नोंदी ठेवायच्या प्रोग्राममध्ये भरायचे. वह्या पुराच्या वर्षी घरात पाणी शिरलं तेव्हा गेल्या. राहिल्यात फक्त फ्लॉप्या, सव्वापाच इंची, ३६०के वाल्या, सहामाहीला एक अशा १६.

माझ्याकडे चालू ३८६ (जुना पीसी) आहे. त्याला ए म्हणून १.२ एमबीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह आणि बी म्हणून १.४४चा साडेतीन इंची. हार्डडिस्क मेलीये, फ्लॉपीवरनंच बूट करते. १६ पैकी १० फ्लॉप्या १.२च्या ड्राइव्हमध्ये नीट वाचल्या आणि १.४४वर कॉपी करून लॅपटॉपवर आणल्या, युएसबी फ्लॉपी ड्राइव्हनं. उरलेल्या ६ फ्लॉप्यांवर वाचताना एरर येतोय, अबॉर्ट रिट्राय फेल.

आता त्या सरांच्या मुलानं त्यांच्या जुन्या एक्सटीतला ३६०के ड्राइव्ह मला दिलाय, टॅंडनचा आहे, चांगला दोन विटांएवढा उंच आणि जड. मला तो तिसरा ड्राइव्ह म्हणून जोडायचाय, म्हणजे १.२ पण राहील, १.४४ पण राहील आणि हा पण. केबलवर तिसरं कनेक्टर दाबून बसवलं तर चालेल का? ह्या सहा फ्लॉप्यांत १९९२ आहे, आमच्याकडचं वाईट वर्ष, त्यामुळे घाई नाही पण धडधड आहे.

रिबनकेबल

ताई, आधी एक करा, त्या सहा फ्लॉप्या आता कुठल्याच ड्राइव्हमध्ये घालू नका. पहिले प्रत्येकीच्या लांबट खिडकीतून आतली तबकडी हातानं हळूहळू फिरवत उजेडात बघा. पांढुरके, धुरकट ठिपके दिसले तर ती बुरशी. बुरशीची फ्लॉपी फिरवली की हेड (तबकडीला टेकून वाचणारा भाग) घाण होतं आणि घाण हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे काढतं. मी लॅमिंग्टन रोडला २२ वर्षं रिपेरिंग केलं, पावसाळ्यानंतर निम्मे ड्राइव्ह ह्याच कारणानं यायचे.

आता तुमचा प्रश्न. नुसतं तिसरं कनेक्टर दाबून चालणार नाही, आणि का नाही ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

३४ तारांची पट्टी आहे, एका कडेला लाल रेघ, ती पिन १. विषम नंबरच्या सगळ्या तारा ग्राउंड. मूळ शुगार्ट कंपनीच्या पद्धतीत एका केबलवर चार ड्राइव्ह बसायचे, प्रत्येकाला जंपरनं (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) नंबर द्यायचा, आणि मोटर चालू करायची तार सगळ्यांना एकच. आयबीएमनं १९८१च्या पीसीत हे बदललं. त्यांना प्रत्येक ड्राइव्हची मोटर वेगळी चालू-बंद करायची होती, म्हणून पिन १० वर ए ची मोटर, १२ वर बी चं सिलेक्ट (म्हणजे ह्या ड्राइव्हनं बोलायचं हा इशारा), १४ वर ए चं सिलेक्ट, १६ वर बी ची मोटर. आणि दोन कनेक्टरच्या मध्ये १० ते १६ ह्या सात तारांना पीळ दिला. पिळामुळे टोकाच्या ड्राइव्हला ए चे सिग्नल बरोबर त्याच पिनांवर मिळतात ज्यांच्यावर मधल्याला बी चे मिळतात. म्हणून पीसीत दोन्ही ड्राइव्हचे जंपर सारखेच, दुसऱ्या नंबरवर. फॅक्टरीत कोणाला जंपर हलवायला नको, पिळाच्या अलीकडे बी, पलीकडे ए.

म्हणजे तुमच्या केबलवर दोनच ड्राइव्हपुरते सिग्नल आहेत. तिसऱ्यासाठी तारच शिल्लक नाही.

माणदेशी

काका, एवढं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. मग जुन्या पीसीला चार ड्राइव्ह लागायचे असं कुठंतरी वाचलंय ते कसं?

रिबनकेबल

बरोबर वाचलंय. आयबीएमच्या त्या मूळ फ्लॉपी कार्डाला आत ३४ पिनांची जागा होती दोन ड्राइव्हसाठी, आणि मागे बाहेरच्या बाजूला ३७ पिनांचा डी कनेक्टर, आणखी दोन ड्राइव्हसाठी. पीसी आणि एक्सटीच्या बायोसला (मशीनमध्ये कायम असलेला मूळ प्रोग्राम) चारही कळायचे, मदरबोर्डवरच्या पहिल्या डिप स्विच पट्टीतले ७ आणि ८ नंबरचे स्विच किती ड्राइव्ह आहेत ते सांगायचे. डॉसमध्ये कॉन्फिग डॉट सिसमध्ये ड्राइव्हर डॉट सिसची ओळ टाकायची, स्लॅश डी कोलन २ म्हणजे तिसरा ड्राइव्ह (मोजणी शून्यापासून), स्लॅश एफ कोलन ० म्हणजे ३६०के, २ असेल तर ७२०के, ७ म्हणजे १.४४.

१९८४ला आयबीएमचा पुढचा पीसी, एटी, आला आणि सेटअप सीमॉसमध्ये (बॅटरीवर टिकणारी छोटी मेमरी) गेला. तिथे फ्लॉपीसाठी एकच बाईट, अर्धा ए ला अर्धा बी ला, संपलं. तुमचा ३८६ त्याच वंशातला, त्याचा बायोस दोनच ओळखतो. ड्राइव्हर डॉट सिस शेवटी बायोसलाच विचारतो, त्यामुळे तिथे तिसरा सांगून उपयोग नाही.

सॅनहोजेकर

एटीला पण चार लावता येतात, फक्त दुसरं कंट्रोलर (फ्लॉपी ड्राइव्ह चालवणारं सर्किट) लागतं. पहिल्या कंट्रोलरचा पत्ता ३एफ० हेक्स, दुसऱ्याचा ३७० हेक्स, आणि आयडीई, सिरीयल, पॅरलल, फ्लॉपी सगळं एकत्र असलेल्या बऱ्याच मल्टी आयओ कार्डांवर हा पत्ता बदलायचा जंपर असायचा. डॉसला तरी तो दिसत नाही कारण बायोस नाही म्हणतो, पण लिनक्सला दिसतो. मी पेंटियम मशीनवर हेच केलंय, कर्नलला बूट होताना फ्लॉपी इक्वल टू, टू अंडरस्कोर एफडीसी एवढं सांगितलं की तो ३७०वर दुसरं कंट्रोलर शोधतो आणि तिथला पहिला ड्राइव्ह एफडी४ म्हणून मिळतो (०, १, २, ३ पहिल्या कंट्रोलरला राखीव). माझ्याकडे एकाच मशीनवर १.२, १.४४, ३६०के असे तीन लावलेत आणि महिनोन्महिने चालतायत.

डॉसमध्येच हवं असेल तर स्वतःचा बायोस असलेलं कार्ड लागतं. पूर्वी मायक्रो सोल्यूशन्सचं कॉम्पॅटीकार्ड यायचं. हल्ली हौशी लोकांनी बनवलेलं मॉन्स्टर एफडीसी नावाचं आयएसए कार्ड आहे, त्यावर दोन कंट्रोलर आणि स्वतःचा रॉम, आठ ड्राइव्हपर्यंत जातं, सर्किट खुलं आहे, स्वतः सोल्डर करता येतं.

ठाणेकर_पीसी

मला एक कळलं नाही, तिसरा हवाच कशाला? १.२चा ड्राइव्ह ३६०के वाचतो ना? आणि नाही वाचत तर तो काढून तिथे टॅंडन लावायचा. दोनच राहिले, प्रश्न मिटला.

माणदेशी

मला भीती अशी की एखाद्या फ्लॉपीचा काही भाग एका ड्राइव्हला वाचता येईल आणि काही दुसऱ्याला, मग सारखी अदलाबदल करत बसले तर केबल ओढाओढीत काहीतरी तुटेल. दोन्ही शेजारी शेजारी असले की इथे नाही वाचलं तर लगेच तिथे.

रिबनकेबल

भीती रास्त आहे आणि ह्यांचं म्हणणं पण चुकीचं नाही, जरा तपशिलात जाऊ.

१.२चा ड्राइव्ह ८० ट्रॅकचा, इंचाला ९६ ट्रॅक. ३६०के म्हणजे ४० ट्रॅक, इंचाला ४८. १.२ चं हेड निम्म्या रुंदीचं. वाचताना तो एक एक ट्रॅक सोडून पावलं टाकतो आणि रुंद ट्रॅकचा फक्त अर्धा पट्टा वाचतो. फ्लॉपी ताजी असेल तर काही अडत नाही. ३० वर्षांनी सिग्नल क्षीण झाला की अर्ध्या पट्ट्यातून पुरेसं येत नाही, तिथे रुंद हेडचा टॅंडन पूर्ण ट्रॅकवरनं वाचतो. उलट ओरखडा ट्रॅकच्या एकाच बाजूला असला तर अरुंद हेड कधीकधी त्याला चुकवून वाचून जातं. म्हणून दोन्हीकडून वाचायचं हा तुमचा विचार उत्तम आहे.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवा, १.२च्या ड्राइव्हमधून त्या फ्लॉपीवर काहीही लिहायचं नाही. रुंद ट्रॅकवर अरुंद पट्टा लिहिला जातो, कडांना जुना डेटा तसाच राहतो, मग ३६०के ड्राइव्हला दोन्ही एकदम ऐकू येतात आणि काहीच वाचता येत नाही. फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर आजच चिकटपट्टी लावा. सव्वापाच इंचीत खाच झाकली म्हणजे लिहिणं बंद, साडेतीन इंचीच्या बरोब्बर उलटं.

आणि अदलाबदल एकदाच करायची. आत्ता १.२ जोडलेला आहे तर आधी सहाही त्यात वाचा, पण कॉपी कमांडनं नाही, इमेजडिस्क नावाचा डॉस प्रोग्राम आहे त्यानं. तो बायोसला बगल देऊन थेट कंट्रोलरशी बोलतो, सेक्टर वाचला नाही तर थांबत नाही, तिथे खूण करून पुढे जातो. सहाही इमेज (अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलीत प्रत) झाल्या की मग १.२ काढायचा, १.४४ला पिळापलीकडे ए करायचं म्हणजे बूट तिथून, आणि टॅंडन मध्ये बी. सेटअपमध्ये ए १.४४, बी ३६०के. परत सहाही वाचायच्या. दोन्ही संच लॅपटॉपवर नेऊन जुळवायचे. तिसऱ्या ड्राइव्हचं काम दोनात होतं. रॅमड्राइव्ह डॉट सिस लावून इमेज आधी मेमरीत घ्या, मग ए मध्ये कोरी १.४४ घालून त्यावर. एकीवर तीन तरी मावतील.

शाळामास्तरीण

माणदेशी, तुमच्या अण्णांना माझा नमस्कार सांगा.

मी १९८६ला नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेत क्लास प्रकल्पातले बीबीसी मायक्रो होते (केंद्र सरकारनं १९८४-८५ला सुरू केलेला). तिथे पीळ नव्हता. सरळ केबल, एका ड्राइव्हचा जंपर शून्यावर, दुसऱ्याचा एकवर. आणि गंमत म्हणजे एका ड्राइव्हच्या दोन बाजू हे दोन वेगळे ड्राइव्ह मानले जायचे, पहिल्याच्या दोन बाजू ० आणि २, दुसऱ्याच्या १ आणि ३. एका बाजूला ३१ फाइलींच्या वर बसायच्या नाहीत. मुलांना शिकवताना मी खडूनं फळ्यावर चार घरं काढायचे.

हे सांगायचं कारण, कोणी बीबीसीवरून काढलेला ड्राइव्ह पीसीला लावत असेल तर जंपर बघितल्याशिवाय लावू नका.

सफरचंद_२

जोडणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. मी ॲपल टू च्या डिस्क टू ड्राइव्हवर हात भाजून घेतलाय. त्याचा २० पिनांचा कनेक्टर कार्डावर एका पिनेनं सरकून बसला आणि चालू केल्याबरोबर ड्राइव्हमधली ७४एलएस१२५ आयसी गेली. ह्याच चुकीनं तीच आयसी जाते, जगभर.

पीसीत तशीच जागा म्हणजे साडेतीन इंची ड्राइव्हचं पॉवरचं छोटं चार पिनांचं कनेक्टर. लाल तार ५ व्होल्ट, पिवळी १२, मधल्या दोन काळ्या. एक घर सरकून बसलं तर १२ व्होल्ट नको तिथे जातात. कॅबिनेटच्या आत अंधारात नुसत्या बोटांच्या अंदाजानं लावू नका, टॉर्च धरा, चारही पिना मोजा.

माणदेशी

सगळ्यांनी सांगितलं तसं केलं, आता हकिकत.

फ्लॉप्या उजेडात बघितल्या, सहापैकी दोनांवर काका म्हणाले तसले पांढरे ठिपके आहेत, त्या बाजूला ठेवल्यात. चार उरल्या. त्या १.२मध्ये इमेजडिस्कनं वाचल्या. मग १.२ काढला, १.४४ टोकाला, टॅंडन मध्ये. तो केसमध्ये मावतच नाही, म्हणून टेबलावर वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवलाय.

पहिल्यांदा चालू केलं तर टॅंडनचा लाल दिवा लागला तो विझेचना. केबल त्याच्या बाजूला उलटी बसली होती, लाल रेघ चुकीच्या बाजूला. सरळ केली. आता नवीनच, ए वरनं बूट व्हायला लागलं की टॅंडनचाही दिवा लागतो, मोटर फिरत नाही पण दिवा लागतो, आणि बूट अर्ध्यात मरतं. टॅंडनची केबल काढली की ए वरनं छान बूट होतं.

रिबनकेबल

वा, लक्षण इतकं नेमकं सांगितलंत की न बघता सांगतो. टॅंडनचा जंपर पहिल्या नंबरवर आहे. पहिल्या नंबरचा सिलेक्ट पिन १० वर असतो, आणि तुमच्या केबलवर १० म्हणजे ए ची मोटर. म्हणजे ए ची मोटर लागली की टॅंडनला वाटतं मला बोलावलं, तो पण डेटाच्या तारेवर बोलायला लागतो आणि दोघांचा गलका होतो. त्याची स्वतःची मोटर १६ वर, म्हणून ती फिरत नाही.

ड्राइव्हच्या बोर्डावर शून्यापासून मोजलेलं असेल (डीएस० ते डीएस३) तर डीएस१, एकपासून मोजलेलं असेल तर डीएस२. एमएक्स नावाची जागा असेल तर ती उघडी हवी, ती जोडलेली असली की ड्राइव्ह कायम सिलेक्ट राहतो.

तिथेच आयसीसारखं दिसणारं, सॉकेटमध्ये बसवलेलं टर्मिनेटर असेल, १५० ओमच्या रेझिस्टरांचं. नियम असा की ते फक्त केबलच्या टोकाच्या ड्राइव्हला हवं. पण तुमच्या टोकाला साडेतीन इंची आहे, त्यात आतच १ किलो ओमचे रेझिस्टर असतात, त्यानं काही बिघडत नाही. सध्या टॅंडनचं राहू दे.

माणदेशी

जंपर डीएस१ वर नेला. ए बूट झालं! डीआयआर बी कोलन केलं आणि टॅंडननं टक टक टक आवाज करत वाचायला घेतलं, तो आवाज अण्णांनी बाहेरच्या खोलीत ऐकला आणि उठून आले. खुर्ची ओढून शेजारी बसलेत.

पण चारही फ्लॉप्यांवर मध्ये मध्ये एरर. आधी चांगली वाचलेली फ्लॉपी घातली, तिच्यावर पण.

रिबनकेबल

सगळ्यांवर येतोय म्हणजे फ्लॉपी नाही, ड्राइव्ह. हेड पुसलंत का? आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस न सुटणारा बोळा, वरचं हेड हलक्या हातानं, उचलून ताणायचं नाही.

तरी येत असेल तर वेग. टॅंडन टीएम१०० पट्ट्यावर चालतो. पालथा करा, खाली चकतीवर काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन वर्तुळं दिसतील, एकावर ५० लिहिलंय एकावर ६०. आपण ५० बघायचं, आपल्या विजेची तीच गती. फ्लॉपी आत, मोटर चालू, ट्यूबलाइटच्या उजेडात बघा. ३०० फेऱ्या बरोबर असतील तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात, नाहीतर पुढे किंवा मागे सरकतात. चोकवाली जुनी ट्यूब हवी, एलईडीखाली बहुतेक दिसणार नाही. बोर्डावर वेग कमीजास्त करायचा छोटा स्क्रूचा पॉट आहे, केसभर फिरवायचा.

जाता जाता, ह्या टॅंडनचा मान राखा. आयबीएमच्या पहिल्या पीसीत हीच जात होती. कंपनी कॅलिफोर्नियाची पण काढणारे जुगी टंडन मूळचे आपल्याकडचे, आणि पुढे त्यांचा कारखाना अंधेरीच्या सीप्झमध्ये पण होता. मी त्या लोकलनं येणारीजाणारी पोरं बघितलीयेत.

माणदेशी

चोकवाली ट्यूब आमच्या गोठ्यात आहे! दोन तारा लांबवून मशीन गोठ्याच्या दारात नेलं. रेघा सावकाश पुढे सरकत होत्या, मुंग्यांची रांग जाते तशा. स्क्रू फिरवला, थोडा जास्त झाला, मागे जायला लागल्या, परत आणला. आणि थांबल्या. खरंच थांबल्या, चकती फिरतेय आणि रेघा उभ्या. अण्णा म्हणाले, विहिरीत टेप सोडल्यावर वजन हलायचं थांबतं आणि मग आकडा वाचायचा, तसं आहे हे.

चारपैकी तीन फ्लॉप्या पूर्ण वाचल्या, एकही एरर नाही. १९९२च्या पहिल्या सहामाहीच्या फ्लॉपीवर टॅंडनला एक सेक्टर येत नाही.

सॅनहोजेकर

१.२च्या इमेजमध्ये तो सेक्टर आहे का बघा. आणि नसला तरी डीबेसची फाइल म्हणजे सरळ एकसारख्या लांबीच्या नोंदी असतात, सुरुवातीच्या हेडरनंतर एकामागे एक. त्यामुळे मधला तुकडा गेला तरी पुढचं सगळं हाताला लागतं. एक नोंद किती बाईटची आहे?

माणदेशी

तारीख ८, विहीर नंबर ३, फूट ६, शेरा १४, आणि पुढे एक खूण असते ती धरून ३२. म्हणजे ५१२च्या सेक्टरमध्ये १६ नोंदी.

१.२च्या इमेजमध्ये त्या फ्लॉपीचे तीन सेक्टर गेलेत, पण हा नाही. हा त्याला वाचता आलाय. तो तिथून उचलून टॅंडनच्या इमेजमध्ये बसवला. फाइल पूर्ण झाली, २७६ नोंदी, १२ मोजण्या गुणिले २३ विहिरी.

बुरशीच्या दोन राहिल्यात, १९९४ची दुसरी आणि १९९५ची पहिली सहामाही. काका, त्या धुवायचं कसं ते सांगा, मी घाई करणार नाही.

रिबनकेबल

आधी एका टाकाऊ फ्लॉपीवर हात बसवा. पाकिटाची एक कड ब्लेडनं कापायची, तबकडी मधल्या भोकाच्या कडेला धरून बाहेर काढायची, पृष्ठभागाला बोट नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक थेंब भांडी घासायचा साबण, बुडवून मऊ कापडानं हलक्या हातानं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये, आणि सावलीत उभी वाळवायची, पंख्याखाली नाही कारण धूळ बसते. दुसऱ्या एका फ्लॉपीचं स्वच्छ पाकीट घेऊन त्यात घालून वाचायची. वरची बाजू कुठली ते काढण्याआधी मधल्या भोकापाशी मार्करनं बारीक खूण करून ठेवा, उलटी बसली तर बाजू बदलतील आणि काहीच वाचणार नाही. प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड पुसा. पावसाळा संपल्यावर करा, आत्ता हवेत ओल आहे.

शाळामास्तरीण

१९९२चं काय निघालं ते लिहाल का? वाचायची फार इच्छा आहे.

माणदेशी

लिहिते. मे महिन्यातली पौर्णिमा, २३ पैकी १४ विहिरींसमोर फूटच्या रकान्यात काहीच नाही आणि शेऱ्यात 'कोरडी' (रोमन अक्षरांत टाइप केलंय, १४ अक्षरांत बसेल तेवढं). सात नंबरच्या विहिरीला ६१.५ फूट. अण्णांना विचारलं सात नंबर कुठली, तर ते म्हणाले देवळामागची, तिला टेप पुरला नव्हता म्हणून खाली सुतळी जोडली होती. मग मी शेरा बघितला, त्यात 'सुतळी' असंच लिहिलंय.